हवेशी बोलणारे सगळे सारखे नव्हेत



मागील अंकातील ‘हवेशी बोलणारे भ्रमिष्ट’ हे पत्र वाचलं. वैताग समजू शकतो. डोंबिवलीहून जलद लोकलने येताना फोनवर बोलणाऱ्या शेजारच्याच्या गृहकर्जाचे हप्ते मलाही पाठ झालेत. पण कानात इअरफोन घालून ओरडणारे आणि स्वतःशी पुटपुटणारे, दोघांनाही एकाच दावणीला बांधणं पटलं नाही.

फोनवरचं बोलणं खुपतं ते केवळ मोठ्या आवाजामुळे नव्हे. संभाषणाची एकच बाजू कानावर पडली की ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून जास्त उडतं, असं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना २०१० साली आढळलं. पलीकडचा काय म्हणाला असेल, याचा अंदाज आपण नकळत बांधत बसतो. (म्हणून कुणी स्पीकर सुरू करून दुसरी बाजूही ऐकवू नये, ही हात जोडून विनंती!)

स्वतःशी बोलणाऱ्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय? माझी आई मंडईत ‘आलं झालं, मिरच्या झाल्या, लिंबं राहिली’ असं पुटपुटत फिरायची. लिंबं कधी विसरली नाही. जपानमध्ये तर रेल्वेचालक केबिनमध्ये एकटा असला तरी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतो. चूक होऊ नये म्हणून रेल्वेनेच लावलेली ती शिस्त आहे.

फोनवाल्यांविरुद्ध तक्रार करणार असाल तर माझीही सही घ्या. पुटपुटणाऱ्यांना मात्र त्यातून वगळा.

– एक वाचक, डोंबिवली