हाऊसबोटीचा बेत आणि सूनबाईचा प्रश्न



एका रविवारी रात्री जेवणे आटोपली आणि नातवाने मोबाईलवरचे एक चित्र आजोबांपुढे धरले. बांबूच्या छपराची लांबलचक बोट, आत पलंग, पुढे खुर्च्या, दोन्ही काठांना नारळाची झाडे. केरळातल्या अलेप्पीची हाऊसबोट. "आजोबा, आपण जाऊया ना!"

आजोबा हसले. "अरे, बोटीवर राहायला आपण काय शेटजी आहोत? तुझे पणजोबा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचे, तेवढीच आपली बोट."

सूनबाई भांडी घासत होती. नळ बंद करून ती दारात आली. "आई, त्या बोटीवर स्वयंपाक कोण करतं?"

"बोटीवरचाच माणूस," नातू म्हणाला.

"मग जायचंच."

घरात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. सूनबाईला या घरात येऊन अकरा वर्षे झाली. पहाटे साडेचारला उठून डबे करते, मग नोकरीवर जाते. सहली आम्हीही केल्या. वेरूळची लेणी पाहिली, नागपूरला जाऊन आलो. पण दर वेळी स्टोव्ह आणि पिठाचा डबा सोबत होताच. जागा बदलली, बाईचे काम बदलले नाही. त्याच रात्री मी वही काढली आणि सगळ्यांना भोवती बसवले.

पहिला मुद्दा पैशाचा. सहलीसाठी कर्ज काढायचे नाही, हे आधी ठरले. मुलगा ७५०, सूनबाई ७५० आणि आमच्या पेन्शनीतून ५००, असे महिन्याला २००० बाजूला टाकायचे. चौदा महिन्यांत २८,००० होतील. त्यात बसेल तेवढेच करायचे. हिशेबात सर्वांत मोठा आकडा बोटीच्या भाड्याचा निघाला, म्हणून बोट एकाच रात्रीची.

दुसरा मुद्दा दिवसांचा. केरळात जूनच्या सुरुवातीला पाऊस येतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा दुसरा पाऊस असतो. त्यामुळे दिवाळीची सुट्टी भरवशाची नाही. नाताळात गर्दी होते आणि भाडे चढते. मे महिन्यात घामाच्या धारा. म्हणून आम्ही २६ जानेवारीला जोडून पाच दिवस धरले. मुलांची शाळा थोडी बुडेल, पण बाईंना आधी सांगून ठेवू.

तिसरा मुद्दा गाडीचा. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने जाते आणि थेट अलेप्पीला थांबते. तिथल्या भाषेत स्टेशनचे नाव आलप्पुळा आहे, हे लक्षात ठेवावे. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचते आणि बोटी दुपारी बाराच्या सुमारास निघतात. म्हणून त्या रात्री साध्या लॉजवर राहून बोट तिसऱ्या दिवशी घ्यायची.

आता बोटीविषयी. पुष्कळांना वाटते की ती दिवसरात्र पाण्यावर फिरत राहते. तसे नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ती काठाला बांधतात, कारण रात्री पाण्यात कोळ्यांची जाळी असतात. सकाळी नऊच्या सुमारास बोट सोडावी लागते. एसी बहुतेक बोटींवर रात्रीपुरताच चालतो. म्हणून पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत: बोट पूर्ण आपली की दुसऱ्या कुटुंबासोबत? खोल्या किती? जेवण, नाश्ता, चहा भाड्यात आहे का? प्रत्यक्ष फिरवणार किती तास? बंदर खात्याची नोंदणी आणि विमा चालू आहे का? लाईफ जॅकेटे सर्वांना पुरतील का आणि लहान मुलांच्या मापाची आहेत का?

या शेवटच्या प्रश्नावरून घरात वाद झाला. वन्संचे कुटुंबही येणार म्हटल्यावर आम्ही दहा जण झालो. मुलाचे बाबा म्हणाले, "दोन खोल्यांचीच बोट घेऊ, थोडं सरकून बसू." मी म्हटले, "ही काय गावाकडची वडाप जीप आहे?" ७ मे २०२३ रोजी केरळातच तानूर येथे प्रमाणाबाहेर माणसे भरलेली पर्यटकांची बोट उलटली आणि २२ जणांचा जीव गेला. त्याआधी ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या जलाशयात बोट उलटून ४५ जण बुडाले. मी हे सांगितल्यावर ते गप्प झाले. मग ठरले की वन्संनी आपल्या वाट्याचे पैसे घालायचे आणि बोट मोठी घ्यायची. तेवढे पैसे जमले नाहीत तर सहल सहा महिने पुढे ढकलू, पण माणसे कोंबणार नाही.

मुलांना त्या बोटीची माहितीही सांगितली. तिचे मूळ नाव केट्टुवल्लम, म्हणजे बांधलेली नाव. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. पूर्वी तिच्यातून भाताची वाहतूक होई. रस्ते झाले, ट्रक आले आणि तिचे काम गेले. १९९० नंतर तिच्यावर खोल्या बांधून पर्यटक फिरवू लागले. ज्या कुट्टनाड भागातून ती जाते तिथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध घालून, पाणी उपसून ती केलेली. ते बांध चिखलात उभे राहून घातले ते पुलया जातीच्या दलित मजुरांनी. खिडकीतून नुसती हिरवळ पाहू नका, त्यामागचे हातही आठवा, असे मी नातवंडांना बजावले.

अलेप्पीच्या दक्षिणेला, अंबलप्पुळ्याजवळ करुमाडी गावी काळ्या दगडाची प्राचीन बुद्धमूर्ती आहे. तिची एक बाजू भंगलेली आहे. लोक तिला प्रेमाने करुमाडीकुट्टन, म्हणजे करुमाडीचा मुलगा म्हणतात. परतीच्या आधी तिथे जाण्याचे ठरले आहे.

ज्यांना हाऊसबोट झेपणार नाही त्यांनी मन खट्टू करू नये. केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याच्या प्रवासी बोटी अलेप्पीहून कोट्टायमपर्यंत आणि आसपासच्या गावांना जातात. तिकीट अगदी थोडे. शाळेची मुले, बाजाराला निघालेल्या बाया शेजारी बसतात आणि पाणी तेच.

बोटीवर आपल्यासाठी रांधणारा माणूसही कामगारच आहे. त्याला 'ए' करून हाक मारायची नाही आणि निघताना हातावर काही ठेवायचे, हे वहीत लिहिले आहे.

वही मिटताना नातू म्हणाला, "आजी, म्हणजे मम्मीला चौदा महिने सुट्टी नाही?" कुणाला उत्तर सुचेना. शेवटी मुलगा म्हणाला, "रविवारी रात्रीचा स्वयंपाक मी आणि बाबा करू. भांडीसुद्धा." पहिल्या रविवारी खिचडी खाली लागली. सगळ्यांनी खाल्ली. सूनबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. दोनदा उठायला निघाली, दोन्ही वेळा मी तिला बसवले.

तुमच्या घरचा बेत कसा ठरतो आणि त्यात घरातल्या बाईला कोण विचारते, ते जरूर कळवा.