परसबाग : पाणी मोजून बी टाकावं

सध्या मंडईत गेलं की पिशवी कधी भरते कळत नाही. मेथी, मुळा, गाजर, पावटा, ओला हरभरा, काळी वांगी! भोगीच्या भाजीला काय घेऊ नि काय नको असं होतं. अशा सुकाळात उन्हाळ्यातल्या भाजीची काळजी करायची म्हटलं, तर घरातली माणसं हसतीलच. पण मैत्रिणींनो, एप्रिलात मुलांना सुट्टी लागेल, मंडईतली पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकेल, तेव्हा घरची भेंडी आणि काकडी ताटात हवी असेल, तर तिचा विचार आत्ता, या थंडीतच करायला हवा. संक्रांत ते महाशिवरात्र हा उन्हाळी भाज्यांच्या पेरणीचा काळ.

मात्र यंदा बियांच्या आधी मी पाण्याबद्दल लिहिणार आहे. त्याला कारण आहे.

तीन वर्षांपूर्वी आमची गच्ची अशी काही सजली होती, की येणारा-जाणारा वर येऊन बघून जायचा. बावीस कुंड्या आणि डबे! भेंडी, गवार, काकडी, दुधी आणि सासूबाईंचा दोडका. हे दोडक्याचं बी त्यांनी लग्नानंतर गावाहून आणलेलं. दरवर्षी एक फळ वेलावर वाळवायचं, बी काढायचं आणि चुलीची राख घालून बरणीत ठेवायचं. त्या वर्षी त्यांनी बरणी पहिल्यांदाच माझ्या हाती दिली, आणि मी उत्साहाच्या भरात होतं-नव्हतं ते सगळं बी पेरून टाकलं.

मार्चपर्यंत सगळं छान. एप्रिलात नळाचं पाणी दिवसाआड आलं, गच्चीवरचा नळ बंद झाला. तीन जिने बादल्या चढवून चढवून कंबर धरली. शेवटी कुणाला पाणी द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायची वेळ आली. मी भेंडी राखली. दोडका पिवळ्या फुलांसकट वाळला. एक फळसुद्धा हाती लागलं नाही, म्हणजे बीही गेलं. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाणी मोजून बी टाकावं गं." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

तेव्हापासून मी आधी पाणी मोजते, मग बी काढते. तुम्हीही या आठवड्यात एवढं कराच. तांदूळ-डाळी धुतलेलं, भाजी धुतलेलं, रात्रीचं उरलेलं पिण्याचं पाणी एका बादलीत साठवा आणि रोज किती होतं ते कॅलेंडरवर लिहा. साबणाचं, तेलकट किंवा मीठ घातलेलं पाणी त्यात नको. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणीही नको. त्यात क्षार जास्त असतात, कुंडीत साठून राहतात. ते फरशी पुसायला वापरा.

आमच्या घरी हा हिशेब रोज दीड बादलीचा, म्हणजे सुमारे 22 लिटरचा निघाला. माझ्या अनुभवात मे महिन्यात भेंडीच्या बारा इंची कुंडीला रोज दोन लिटर आणि वेलाच्या मोठ्या डब्याला पाच लिटर पाणी लागतं. म्हणजे भेंडीच्या सहा कुंड्या आणि दोन वेल. संपला हिशेब! बावीस कुंड्यांच्या मानाने हे थोडं वाटेल. पण कुंडीत दोन-दोन म्हटलं तरी भेंडीची बारा रोपं होतात, आणि चौघांच्या घरात आठवड्यातून एकदा भाजी निघते. अर्धमेल्या बावीस कुंड्यांपेक्षा हे बरं की नाही?

पाणी फारच कमी असेल तर गवार आणि चवळी लावा. दोन्ही काटक आहेत. काकडी आणि दुधी मात्र पाण्याचे भोक्ते. अळू हवंच असेल तर मोरीचं स्वच्छ पाणी जिथे जातं तिथे लावा, म्हणजे त्याला वेगळं पाणी नको.

दुसरी गोष्ट उन्हाची. आत्ता दक्षिणेकडच्या बाल्कनीत छान ऊन येतं म्हणून तिथेच कुंड्या मांडू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या मध्यावर आपल्या पुण्या-मुंबईकडे तो दुपारी थेट डोक्यावर येतो. मग त्याच बाल्कनीवर वरच्या स्लॅबची सावली पडते. उन्हाळी भाजीला पूर्वेची बाजू उत्तम. गच्ची असेल तर दुपारच्या उन्हासाठी जुनं सुती पातळ बांधायची सोय आत्ताच करून ठेवा.

मेथी-कोथिंबीर निघालेल्या कुंड्या आता रिकाम्या होतील. ती माती चादरीवर पसरून चार दिवस ऊन द्या, जुनी मुळं वेचून टाका, मग दोन वाटे मातीला एक वाटा खत आणि एक वाटा नारळाचा भुसा मिसळा. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून ज्यांनी अजून डबा लावला नसेल त्यांनी आजच लावावा. पेरणीला नाही तरी रोपं फुलावर येताना ते उपयोगी पडेल. वाळका पालापाचोळा झाडलोटीत फेकू नका, पोत्यात भरून ठेवा. एप्रिलात कुंडीच्या मातीवर त्याचा दोन इंच थर दिला की पाणी खूप वाचतं.

आता बी. जुनं असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवा. आठवड्यात सात-आठ रुजल्या तर बी चांगलं. निम्म्याहून कमी रुजल्या तर नवीन आणा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून पेरावं. कारल्याचं टरफल टणक, ते चोवीस तास भिजवून ओल्या फडक्यात, उबेला ठेवावं. पहाटे अजून हुडहुडी भरत असेल तर घाई नको. थंड मातीत भेंडीचं बी रुजण्याऐवजी कुजतं. दुकानातलं बी गुलाबी किंवा हिरवं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. मुलांच्या हाती देऊ नका आणि पेरल्यावर हात साबणाने धुवा.

बी घेताना 'संकरित' की 'सरळ' ते पाकिटावर वाचा. संकरित पीक भरपूर देतं, पण त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तशीच झाडं येत नाहीत. भेंडीतली परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' किंवा बंगळुरूची 'अर्का अनामिका' ही सरळ वाणं. पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगापुढे टिकाव धरावा म्हणूनच ती काढली गेली. त्यांचं बी घरी धरता येतं.

आणखी एक, हसू नका हं! मे महिन्यात माहेरी जायचं असेल तर पाणी कोण घालणार ते आत्ताच ठरवा. 'हे' हो म्हणतात, पण आपली पाठ वळली की कुंड्यांना निर्जळी एकादशी! भेंडी पेरल्यापासून पन्नासएक दिवसांनी तोडायला येते. जानेवारीअखेर पेरलीत तर एप्रिलअखेरपर्यंत भरपूर खाऊन होईल. मग निश्चिंत जा.

या आठवड्यातली कामं : पाणी मोजणं, माती वाळवणं, बी तपासणं, पालापाचोळा साठवणं. आणि बरणीतलं सगळं बी कधीही पेरू नका. एक वाटा जपून ठेवा आणि एक वाटा दुसऱ्या घरी द्या. मी तेवढं केलं असतं तर आज कुणाकडे तरी जाऊन ते दोडक्याचं बी मागता आलं असतं. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी घरच्या भेंडीच्या बियांच्या पुड्याच वाण म्हणून लुटणार आहे. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा स्वस्त, आणि माझं बी दहा घरांत सुखरूप!

सासूबाईंची बरणी अजून फळीवर रिकामीच आहे. यंदा गावाहून माझ्या चुलतजाऊबाई थोडं दोडक्याचं बी पाठवणार आहेत. ते तेच का, हे पहिला दोडका ताटात आल्यावर सासूबाई सांगतील. तोवर मी अर्धंच पेरणार आहे.