यशाचे पुस्तक निवडताना

चेन्नईच्या वेलचेरीत एकेकाळी अ‍ॅडव्हेंटनेट या सॉफ्टवेअर कंपनीचे कार्यालय होते. १९९६ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २००९ पासून झोहो या नावाने ओळखली जाते. श्रीधर वेंबू यांच्या नेतृत्वाखाली ती बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल न घेता वाढली. याच कंपनीत अनुभव घेतलेल्या गिरीश मातृभूतम यांनी २०१० मध्ये स्वतःचा उद्योग काढला, गुंतवणूकदारांचा पैसा घेतला आणि आपली ही फ्रेशवर्क्स कंपनी २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात नोंदवली. शहर एक, धंदा एक, वाटा मात्र उलट; तरी दोघांनाही यश मिळाले. यातली एकच गोष्ट वाचणाऱ्याला तीच यशाची रीत वाटेल. म्हणून प्रेरणादायी पुस्तक घेताना ‘लेखक किती यशस्वी?’ यापेक्षा ‘हा सल्ला कुठे लागू पडत नाही, हे तो सांगतो का?’ असे विचारले पाहिजे.

उद्योगावरच्या बहुतेक लोकप्रिय पुस्तकांची अडचण इथेच आहे. ती विजेत्यांना गोळा करतात आणि त्यांच्या समान सवयी मोजतात. त्याच सवयी असूनही बुडालेल्यांची गणती त्यात नसते. जिम कॉलिन्स यांचे ‘गुड टू ग्रेट’ २००१ मध्ये आले. लेखकाने वर्षानुवर्षांचे आकडे तपासून अकरा कंपन्या निवडल्या होत्या. त्यांतल्या सर्किट सिटीने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी फॅनी मे सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुस्तक त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. कॉलिन्स यांनी स्वतः २००९ मध्ये बलाढ्य कंपन्यांच्या घसरणीवर वेगळे पुस्तक लिहिले. ही दोन्ही जोडीने वाचली, तर एकट्या पहिल्या पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त हाती लागते.

यावर कोणी म्हणेल, ही पुस्तके पुराव्यासाठी नव्हे, उमेद यावी म्हणून वाचायची असतात. उमेदीची गरज खरीच आहे. पण ज्या उमेदीत अपयशाला जागा नाही, ती पहिल्या तोट्यालाच विरते. मराठी वाचकाला याचे उत्तम उदाहरण घरातच सापडेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला विकलेच जात नव्हते, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. या हकिकतीत चिकाटी आहे, तसा राजाश्रयही आहे. जो चरित्रकार दोन्ही सांगतो, त्याच्याकडून मिळणारी उमेद टिकाऊ असते.

दुसरा आक्षेप वेळेचा: नोकरी-धंदा सांभाळून इतकी पारख कोण करणार? त्याला फार वेळ लागत नाही. दुकानात उभ्या उभ्या अनुक्रमणिका चाळावी आणि चुकांचे, तोट्याचे, फसलेल्या निर्णयांचे एखादे प्रकरण आहे का ते पाहावे. शक्य असेल तेव्हा दहा वर्षे जुने पुस्तक घ्यावे. त्यातल्या नायकांचे पुढे काय झाले, हे तोवर कळलेले असते. आणि आवडलेल्या पुस्तकानंतर त्याच्या उलट सांगणारे पुस्तक वाचावे. यशाची हमी देणारे पुस्तक मात्र खुशाल परत मांडणीवर ठेवावे.