गूळ, हिरडा आणि पाण्याची एक जादा बादली

ठाणे, मुंब्रा किंवा डोंबिवलीत एखादी इमारत खचली की दुसऱ्या दिवशी एक चित्र सर्वांच्या भ्रमणध्वनींवर फिरू लागते. एका बाजूला गडाचा भक्कम बुरूज, दुसऱ्या बाजूला कोसळलेला स्लॅब. खाली मजकूर असतो: पूर्वजांनी चुन्यात गूळ, हिरडा आणि उडीद घालून शतकानुशतके टिकणारे बांधकाम केले, आज सिमेंटमध्ये ‘केमिकल’ घालतात, म्हणून ते तीस वर्षांत पडते. आजचा धागा या चित्राच्या विरोधात आहे. लांबला आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावरच्या छताचा हा इतिहास आहे, म्हणून शेवटपर्यंत यावे.

गुळापासून सुरुवात करू. चुना घाणीत मळताना गुळाचे पाणी घातले की साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो. मिश्रण लोण्यासारखे मऊ होते, थापीखाली सहज पसरते आणि त्यासाठी पाणी कमी पुरते. हिरड्यातील तुरट द्रव्येही मिश्रणाच्या वागण्यात फरक घडवतात. यात गूढ काहीच नाही. मद्रासकडील गुळमिश्रित चुन्याची कृती एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभियंत्यांनी आपल्या लिखाणात नोंदवून ठेवली आहे. ‘हरवलेली गुप्त विद्या’ म्हणून आपण जिचा गौरव करतो, ती सरकारी बांधकामाच्या कागदांत उघड पडलेली होती. गूळ हेच त्या काळचे ‘केमिकल’ होते.

(जाता जाता: अंबरनाथच्या शिवमंदिराच्या टिकाऊपणाचे श्रेय गुळाला देणारी पोस्टही माझ्या पाहण्यात आली आहे. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील ते शिलाहारकालीन मंदिर दगडावर दगड बसवून उभारलेले आहे. तिथे चुनाच नाही, मग गूळ कुठला?)

आता ज्याला नावे ठेवली जातात त्या प्लास्टिसायझरकडे वळू. सिमेंटचे बारीक कण पाण्यात पडले की एकमेकांना चिकटून गोळे करतात आणि त्या गोळ्यांत बरेचसे पाणी अडकून पडते. मिश्रण घट्ट वाटते, म्हणून कामगार आणखी पाणी ओततो. प्लास्टिसायझरचे रेणू कणांच्या पृष्ठभागावर बसतात, कण एकमेकांना दूर लोटू लागतात आणि अडकलेले पाणी सुटते. पाणी न वाढवता मिश्रण प्रवाही होते, एवढेच त्याचे काम. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात यासाठी वापरात आलेला पदार्थ होता लिग्नोसल्फोनेट, म्हणजे लाकडापासून कागदाचा लगदा करताना उरणारा अवशेष. त्यात लाकडातील शर्कराही असतात, त्यामुळे ते काँक्रीटचे घट्ट होणे थोडे लांबवते. गुळाचे हे दूरचे भावंड म्हणायला हरकत नाही. साठच्या दशकात जपान आणि जर्मनीत त्याहून प्रभावी ‘सुपरप्लास्टिसायझर’ तयार झाले. जपानमध्ये ते काम केनिची हात्तोरी यांनी काओ या साबण बनवणाऱ्या कंपनीत केले, हा तपशील मला फार आवडतो.

चित्र फिरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चुन्याला मानवणारा गूळ सिमेंटला मानवत नाही. पन्नास किलोच्या गोणीमागे पंचवीसेक ग्रॅम साखर काँक्रीटचे घट्ट होणे काही तास लांबवते. मात्रा बरीच वाढली तर ते नीट घट्ट होतच नाही. तेव्हा घराच्या स्लॅबमध्ये ‘परंपरा’ म्हणून गूळ टाकण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याला नम्रपणे थांबवावे.

माझे म्हणणे असे की ‘पूर्वजांचा गूळ विरुद्ध आजचे केमिकल’ ही तुलनाच खोटी आहे, कारण ती मधला काळ गिळून टाकते. कल्याण-डोंबिवली आणि ठाण्याचा मोठा भाग ज्या दशकांत उभा राहिला, त्या काळातील बहुसंख्य चार मजली इमारतींच्या नशिबी गूळही नव्हता आणि प्लास्टिसायझरही नव्हता. होते फक्त पाणी.

ठाणे महानगरपालिका १९८२ ची, कल्याणची १९८३ ची. त्याच्या आगेमागे खाडीकाठची गावे भराभर शहर होत गेली. स्लॅब टाकण्याचा दिवस आठवणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. पहाटे मिक्सर धडधडू लागायचा, बायका-पुरुषांची रांग डोक्यावरून घमेली चढवायची आणि वरून गवंडी ओरडायचा, “माल पातळ करा!” दाट माल सळयांच्या जाळीतून खाली उतरत नाही, हात भरून येतात, संध्याकाळच्या आत स्लॅब पुरा व्हायला हवा असतो. उपाय एकच, बादली.

त्या बादलीचा हिशेब करू. गोणी पन्नास किलोची. पाण्याचे प्रमाण सिमेंटच्या निम्मे धरले तर २५ लिटर पाणी, म्हणजे दहा लिटरच्या अडीच बादल्या. एक बादली जादा पडली की हे प्रमाण ०.५ वरून ०.७ वर जाते, आणि काँक्रीटचे सामर्थ्य तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटू शकते. रेती आधीच ओली असेल तर तिच्यातले पाणी वेगळेच. जास्तीचे पाणी नंतर उडून जाते, त्याच्या जागा पोकळ राहतात आणि त्या सूक्ष्म वाटांनी पावसाची ओल सळईपर्यंत पोहोचते. पाणी वाढले की सामर्थ्य घटते, हा नियम अमेरिकेतील डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच मांडला होता. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. भारतीय मानक ब्युरोचे मिश्रकांविषयीचे मानक, आयएस ९१०३, हेही १९७९ चे आहे. ते आपल्या गल्लीपर्यंत पोहोचले नाही. शिवाय सळईच्या बांधकामासाठी एम १५ दर्जाचे काँक्रीट तेव्हाच्या नियमांत बसत होते. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने ती किमान मर्यादा एम २० वर नेली.

त्यात भर खाडीच्या रेतीची. मुंब्र्याचे रेतीबंदर, डोंबिवलीचे मोठागाव-रेतीबंदर ही नावे उगाच पडलेली नाहीत. डुबी मारून, पुढे सक्शन पंप लावून काढलेली रेती या बंदरांवर उतरे आणि ब्रासच्या मापाने विकली जाई. अशी रेती नीट न धुता वापरली तर तिच्यातले मीठ सळई गंजवते. गंजलेली सळई फुगते आणि छताचे पापुद्रे सुटतात. गळक्या छताखाली बादली ठेवणाऱ्या घराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग प्लास्टिसायझर आपल्याकडे रुळले कसे? शास्त्राचा आग्रह हे कारण मला पटत नाही. मला दिसते ते असे: २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाळू उपशावर बंदी आणली, पुढे सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्रीय हरित लवादाचे निर्बंध आले, आणि रेतीच्या जागी खाणीतला दगड फोडून केलेली क्रश सँड आली. नदीची रेती गोलसर असते; क्रश सँड टोकदार, भरपूर भुकटी असलेली, म्हणून पाणी जास्त मागणारी. दुसरीकडे घोडबंदर रस्त्यावर मनोरे उंच होत गेले आणि काँक्रीट पंपाने वर चढवावे लागू लागले. प्लांटवरून निघालेला मिक्सर शिळफाट्याच्या कोंडीत अडकला तरी माल ओला राहायला हवा होता. या अडचणींवर उत्तर एकच होते. खाडीचा तळ उपसून संपत आला, तेव्हा आपल्या छतांतले पाणी कमी झाले, असे मी म्हणेन.

पण रसायनाचे गोडवे गाण्यासाठीही हा धागा नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत कोसळून ७४ माणसे मेली. परवानगी न घेता, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवलेली ती इमारत होती आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायलाही आली होती. त्याच काळात डोंगरापलीकडे ठाण्यात उत्तम सुपरप्लास्टिसायझर घातलेले मनोरे उभे राहत होते. प्लास्टिसायझर पाणी कमी करण्याची मुभा देते, सक्ती करत नाही. मिक्सर उशिरा पोहोचला म्हणून त्यात आणखी पाणी सोडणारा हात त्याला रोखता येत नाही. त्याची मात्राही बेताचीच हवी: आयएस ४५६ प्लास्टिसायझरला सिमेंटच्या वजनाच्या १ टक्क्याची आणि सुपरप्लास्टिसायझरला २ टक्क्यांची मर्यादा घालते. अति झाले तर खडी खाली बसते, पाणी वर येते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी यात का पडावे, असे मला विभागातच विचारले गेले. ठाण्याचा किल्ला, दुर्गाडी, १८५४ मध्ये कल्याणला पोहोचलेली रेल्वे यांवर आपण भरपूर लिहितो, आणि ते लिहावेच. पण या पट्ट्यातील लाखो माणसे ज्या काँक्रीटखाली झोपतात त्याची कागदपत्रे आता पुनर्विकासात रद्दीत चालली आहेत. तीस वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. त्या अहवालांत स्तंभांतून काढलेल्या नमुन्यांचे आकडे असतात. सोसायटीच्या कपाटात कधी मूळ नकाशे, रेतीची बिले, क्यूब चाचणीचे कागद निघतात. ज्यांची इमारत पाडायला निघाली आहे, त्यांनी कपाट रिकामे होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. आणि जुना गवंडी किंवा मुकादम ओळखीत असेल तर त्याच्याशी बोलावे.

डोंबिवलीतील अशाच एका निवृत्त मुकादमांना मी विचारले होते, “काका, एका गोणीला किती बादल्या घालायचात?” त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाले, “बादल्या कोण मोजतंय? माल बघून टाकायचो.”