‘इंजिन खोललेलं नाही’

सेकंडहँड बाइकच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते : ‘इंजिन खोललेलं नाही.’ स्थळांच्या जाहिरातीत ‘निष्कलंक’ लिहायचे ना, त्याच नजरेतून ही ओळ आलीय. एकदा आत हात लागला की संपलं. मग ती गाडी विश्वासाची नाही.

मला ही समजूत निव्वळ अंधश्रद्धा वाटते. कंपनीतून येणारं इंजिन आभाळातून पडत नाही, तिथेही ते माणसं आणि मशीनच बांधतात. फरक एवढाच की तिथे प्रत्येक भाग मोजलेला असतो.

सेसना 172 या छोट्या विमानात लायकमिंगचं पिस्टन इंजिन असतं. साधारण 2000 तास उडालं की ते पूर्ण खोला, मोजा आणि पुन्हा बांधा, असं बनवणारेच सांगतात. आपण लटकून जातो त्या लोकलचे डबेही माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये ठरावीक काळाने खोलले जातात. ‘खोललेली आहे’ म्हणून कुणी नेरूळला गाडी सोडलीय?

बाबांची 2006 ची स्प्लेंडर निळा धूर मारायला लागली, ऑइल पिऊ लागली, तेव्हा सोसायटीत एकच सल्ला मिळाला : विकून टाका. एक मेकॅनिक म्हणाला, ‘दोन तासांत रिंगा टाकून देतो, मोजायचं काय त्यात, हाताला कळतं.’ हाताला पुष्कळ कळतं, मान्य. पण शतांश मिलिमीटर कळत नाही. स्प्लेंडरचा सिलिंडर 50 मिलिमीटरचा आणि पिस्टन त्याहून जेमतेम काही शतांश मिलिमीटरने लहान. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजतही नाही, वरच्या बाजूला आणि पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिकडे जास्त झिजतो, म्हणजे हळूहळू लंबगोल होतो. अशा बोअरमध्ये नव्या गोल रिंगा बसवल्या की काही महिन्यांत पुन्हा धूर. मग लोक म्हणणार, बघा, खोललं आणि बिघडलं!

म्हणून बोअर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा. सहा आकडे. मग 0.25 ओव्हरसाइझचा पिस्टन आणायचा, आधी तो मोजायचा आणि त्याच्या मापाने बोअर करायचा. रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये ठेवून त्यांच्या टोकांमधली फट फिलर गेजने बघायची. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षी हे सगळं आम्हाला शिकवलं होतं. नंतर आम्ही सगळे महापे आणि ऐरोलीत कोड लिहायला बसलो, ते वेगळं.

तिथेही हेच ऐकू येतं : ‘चालतंय ना, मग हात लावू नको.’ ज्या कोडला टेस्ट नाहीत, त्यालाच हात लावायची सगळ्यांना भीती. टेस्ट असतील तर आम्ही दर आठवड्याला बिनधास्त बदलतो.

बांधलेल्या इंजिनात धोका नसतोच, असं मी म्हणत नाही. पहिले काही शे किलोमीटर नाजूक असतात, ऑइल लवकर बदलावं लागतं. पण शोरूमच्या कोऱ्या गाडीलाही पहिली सर्व्हिस लवकर का असते? त्याच कारणासाठी.

कंपन्यांना मात्र ही भीती सोयीची आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं, वाहनंही त्यात आली. पण सर्व्हिस मॅन्युअल, झिजेच्या मर्यादांचे आकडे साध्या ग्राहकाच्या हातात सहज पडतात का? केटीएम 390 ड्यूकसारख्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. तो टिकतो खूप, पण झिजल्यावर नाक्यावरच्या लेथवर बोअर वाढवायची सोय संपली, ब्लॉकच बदला. गाडी घेताना हे कोणी सांगतं?

आणि आपणही काही कमी नाही. चाळीस हजारांचा फोन घेताना प्रोसेसरचे आकडे पाठ असतात. लेथवाल्याकडे मात्र शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो आणि ‘संध्याकाळपर्यंत पाहिजे’ म्हणतो. तुर्भ्यातल्या ज्या लेथवाल्याने स्प्लेंडरचा ब्लॉक बोअर केला, त्याच्याकडे डायल बोअर गेज होता, नीट डब्यात ठेवलेला. मी सहा आकडे चिठ्ठीवर लिहून मागितले. त्याने लगेच दिले. म्हणाला, ‘मोजतो मी रोजच. पण कोण विचारतंय?’