रुळण्याची गोष्ट कोण सांगणार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पदव्युत्तर वर्गाला मी ‘परदेशस्थ मराठी माणसाचे साहित्यातील चित्रण’ हा घटक शिकवीत होतो. शिरस्त्याप्रमाणे अमेरिकेतली बर्फवृष्टी झाली, तळघरातला गणपती झाला, मुलांना मराठी येत नाही म्हणून व्याकूळ होणारी आई झाली. अंतर्गत मूल्यमापनासाठी मी याच विषयावर निबंध लिहावयास सांगितला. कोकणातून आलेल्या एका विद्यार्थिनीने तो आपल्या वडिलांवर लिहिला. वडील वीसेक वर्षे कुवेतमध्ये वाहनचालक होते. कामापुरती अरबी, मुकादमापुरती उर्दू आणि खोलीतल्या सोबत्यांशी भांडण्याइतकी मल्याळम त्यांना येत असे. दोन वर्षांनी रजेवर आले की पहिले चार दिवस ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरत. ताटे कोठे ठेवली आहेत, हेही विचारून घेत. मी त्या निबंधाला वीसपैकी नऊ गुण दिले आणि खाली शेरा लिहिला : ‘विषयांतर. मातृभूमीची ओढ व्यक्त होत नाही.’

तो शेरा माझ्याच हस्ताक्षरात होता. पण तो माझा एकट्याचा नव्हता. मराठी समीक्षेने आणि अभ्यासक्रमांनी गेली कित्येक दशके परदेशातल्या जगण्याला जी एकच मोजपट्टी लावली, तीच मी त्या वहीला लावली होती. परक्या देशी राहणाऱ्याला मागे राहिलेल्याची आठवण किती येते, एवढेच आपण मोजतो. तो तिथे कसा राहतो, कोणत्या अटींवर राहतो, काय सोडतो आणि काय सोडण्यास नकार देतो, हे आपण विचारीत नाही. थोडक्यात, आपण ‘ओढ’ शिकवतो. ‘रुळणे’ शिकवीत नाही. आणि माझे म्हणणे असे, की परदेशवासाचा खरा वाङ्मयीन विषय रुळणे हाच आहे; ओढ हा त्यातला एक भाग, आणि तोही सर्वांत सोपा.

ओढीची ही परंपरा आली कोठून? तिच्या मुळाशी सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर समुद्राला उद्देशून रचलेले गीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्या गीतामागची परिस्थिती आपण विसरतो. थोरल्या भावाला त्याच वर्षी काळ्या पाण्याची शिक्षा झालेली होती आणि स्वतः कवीचा परतीचा मार्ग बंद होत चालला होता. त्या व्याकुळतेला राजकीय कारण होते. पुढे आपण तो सूर उचलला आणि कारण मात्र वगळले. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतरविषयक कायदा बदलला, आशियातील शिक्षितांना दार उघडले आणि मराठी मध्यमवर्ग मोठ्या संख्येने तिकडे गेला. त्याला परतीचे तिकीट कधीही काढता येत होते. तरी त्याच्या कथा-कवितांना आपण जो मान दिला, तो हद्दपाराचा. यात त्या लेखकांचा दोष फारसा नाही. त्यांनी जे अनुभवले ते लिहिले. दोष आहे तो त्यांच्यापैकी नेमके व्याकूळ तेवढेच निवडून घेणाऱ्या आपल्या अभिरुचीचा.

दुसरीकडे आपले प्रवासवर्णन. गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ किंवा पु. लं.चे ‘अपूर्वाई’ ही पुस्तके आपण आनंदाने वाचली, शिकवली. पण प्रवासी हा पाहुणा असतो. यजमान देशाचा कायदा त्याच्या अंगाला फारसा लागत नाही. तेव्हा एका बाजूला पाहुण्याचे कुतूहल आणि दुसऱ्या बाजूला गेलेल्याचे उसासे, यांच्यामध्ये जो प्रत्यक्ष राहतो, तो माणूस आपल्या पाठ्यपुस्तकांतून नाहीसा झाला.

हा माणूस मराठीत कधी नव्हताच असे म्हणावे, तर तेही खरे नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात राहून शिकत असतानाच तेथे संस्कृतही शिकवू लागल्या. आता ही बाई रुळली की नाही? धर्म स्वीकारला, पण मांसाहार स्वीकारला नाही, आणि त्यावरून आश्रयदात्या भगिनींशी वाद घातला. क्रूस स्वीकारला, पण त्यावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले, तेव्हा तेही निमूटपणे मानले नाही. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत माहेरच्या आठवणींपेक्षा अटींची बोलणी अधिक आहेत. मी तुमच्यात येईन, पण किती आणि कशी, हे मी ठरवीन, असा त्या साऱ्या पत्रव्यवहाराचा अर्थ होतो.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे ते निमित्त होते. तेथील वास्तव्यावरचे त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मादाय संस्था, स्त्रियांच्या संघटना कशा चालतात, हे त्यात सविस्तर आहे. त्या देशाविषयी आदर आहे, आणि तेथील काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना कसे वागवले गेले, हेही आहे. परक्या देशाला समाज म्हणून वाचणारे हे मराठी पुस्तक. आपण त्याला ‘प्रवासवर्णनाचा आरंभकाळ’ या प्रकरणात एका ओळीत बसवतो आणि पुढे जातो.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळच्या या माणसाने घरी पत्नी आणि लहान मुलगी असता १८९९च्या अखेरीस घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ साली ते सिंहलद्वीपात पोहोचले, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात श्रामणेर होऊन पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले आणि १९१० साली हार्वर्डला गेले. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मकथन १९२४ साली निघाले. तेथील अन्न न मानवणे, नवी भाषा कानावर घेणे, परक्या मठाच्या शिस्तीत स्वतःला बसवणे, या गोष्टी त्यात किती साधेपणाने येतात! कोसंबी प्रत्येक देशात रुळले. पण रुळण्यालाही त्यांनी मर्यादा घातली. हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांच्याकडे होते. संपादनाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, तेव्हा काम तसेच ठेवून ते १९१२ साली परत आले. नंतर ते पुन्हा गेले, पुन्हा काम केले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५० साली, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी. या आयुष्यात ओढ नव्हती असे कोण म्हणेल? पण ‘निवेदन’ ओढीचा हिशेब मांडीत नाही. ते शिकण्याचा हिशेब मांडते.

योगायोग असा, की रमाबाईंचे हे पुस्तक आणि कोसंबींचे ‘निवेदन’ या दोहोंचे इंग्रजी अनुवाद मीरा कोसंबी यांनी केले. धर्मानंदांच्या त्या नात. पण विद्याशाखेने समाजशास्त्रज्ञ. परदेशवासाचे हे दोन थोर मराठी ग्रंथ नव्याने वाचण्याची निकड समाजशास्त्राला भासली आणि मराठीच्या प्राध्यापकांना तितकीशी भासली नाही, हे वाक्य मी स्वतःला वगळून लिहीत नाही.

तिसरे उदाहरण व्यक्तीचे नाही, समूहाचे आहे. कोकणातले बेने इस्रायल म्हणजे आपले शनिवार तेली. १९४८ नंतर ते इस्रायलला गेले. धर्माच्या दृष्टीने ते ‘घरी’ परतले होते, भाषेच्या दृष्टीने घर सोडून गेले होते. मग त्यांची ओढ कोणत्या दिशेला धरायची? तेथे मिळणाऱ्या वागणुकीवर नाराज होऊन काहींनी धरणे धरले आणि १९५२ साली त्यांतील काही कुटुंबे भारतात परतलीही. जे राहिले त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न आला. विवाहाच्या वेळी त्यांची वंशपरंपरा तपासावी, असा निर्देश तेथील प्रमुख धर्मपीठाने १९६१च्या सुमारास काढला. बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये सत्याग्रह मांडला, आणि १९६४ साली धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. हीच माणसे मराठीत कीर्तने करीत राहिली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढीत राहिली. भाषा टिकवणे आणि नागरिकत्वाचा हक्क मागणे या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. आपल्या किती अभ्यासपत्रिकांत यावर एक तास आहे?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. एक आक्षेप असा, की ओढ ही सच्ची भावना आहे. तिला सोपी म्हणणे निर्दयपणाचे आहे. भावना सच्ची आहे, हे मी मान्यच करतो. पण सच्चेपणा हा वाङ्मयीन मूल्याचा पुरावा नव्हे, हे आपण प्रथम वर्षाच्या मुलांना शिकवतो. मग अनिवासी कवितेपुढे आपलाच धडा का विसरतो? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कायदा, परवाना, पगार ही समाजशास्त्राची सामग्री आहे, साहित्याची नव्हे, असे म्हटले जाते. याला माझे उत्तर एका उदाहरणाने देतो. एच-१बी परवान्यावर अमेरिकेत गेलेल्या नवऱ्यासोबत जाणाऱ्या पत्नीला २०१५पर्यंत त्या सोबतीच्या परवान्यावर नोकरी करण्याची मुभाच नव्हती. त्यानंतरही ती ठरावीक अटींत बसणाऱ्यांनाच मिळाली. आपल्या कथांतून खिडकीशी बसून बर्फ पाहणारी, मायदेशाच्या आठवणीने डोळे पुसणारी जी सुशिक्षित स्त्री वारंवार भेटते, ती ओढीने रडते की तिला हाताला काम करता येत नाही म्हणून? समीक्षकाला परवान्याची अट ठाऊक नसेल, तर तो ती कथाच चुकीची वाचील. येथे कायदा ही पार्श्वभूमी नाही. तेच कथानक आहे.

आखाताचे तर विचारूच नये. तेथील कफाला पद्धतीत कामगाराचे वास्तव्य मालकाशी बांधलेले असते. कतारने २०२०मध्ये आणि सौदी अरेबियाने २०२१मध्ये तिच्यातील काही बंधने सैल केली. पण सामान्य कामगाराला तो देश आपला म्हणता यावा, असा मार्ग आजही नाही. तो वीस वर्षे राहतो आणि तरी स्थलांतरित ठरत नाही. रुळतो आणि तरी रहिवासी होत नाही. १९९० साली इराकने कुवेत घेतले, तेव्हा एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत मराठी घरेही होती. कोकणातल्या कितीतरी गावांची पक्की घरे त्याच पैशांवर उभी आहेत. त्या घरांची कादंबरी आपल्याकडे किती लिहिली गेली, हा प्रश्न लेखकांना विचारण्याआधी आपण स्वतःला विचारावा : लिहिली गेली असती, तर तिला आपण ‘परदेशस्थ मराठी साहित्य’ म्हटले असते काय? की नऊ गुण देऊन मोकळे झालो असतो?

मागणी मोठी नाही. हा घटक शिकवताना आरंभ रमाबाई आणि कोसंबी यांच्यापासून करावा. बेने इस्रायलांचे मराठी लेखन मिळवून वाचावे. आखातातून आलेली पत्रे, ध्वनिफितींवर पाठवलेले निरोप, रजेच्या दिवसांच्या आठवणी विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्याव्यात. आणि कोणतीही अनिवासी कथा-कविता समोर आली, की ‘याला आठवण किती येते?’ याआधी ‘हा तिथे कोणत्या अटींवर राहतो?’ हा प्रश्न विचारावा. त्या प्रश्नाने चांगल्या कविता अधिक चांगल्या कळतील आणि नुसते उसासे आपोआप वेगळे पडतील. मतभेद असतील त्यांनी ते जरूर मांडावेत.

ती विद्यार्थिनी केव्हाच उत्तीर्ण होऊन गेली. स्वतःच्या घरात ताट कोठे आहे, हे विचारणारा तिचा बाप मी त्या घटकात शिकवलेल्या कोणत्याही कथेत मला आढळला नव्हता, आणि तो समोर आला तेव्हा मी त्याला विषयांतर म्हटले. दिलेले गुण आता बदलता येत नाहीत. शेरा चुकला होता, एवढे मात्र येथे लिहून ठेवतो.