पलीकडे कान आहे की मोटार?

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब बेळगावहून गोव्यास गेलो होतो. पुतण्याची मोटार जुनी; तीत ब्ल्यूटूथ नाही, परंतु फोन जोडण्यासाठी तारेची सोय आहे. मागे आमच्या थोरल्या भगिनी, सूनबाई आणि सोळा वर्षांची नात; पुढे पुतण्याच्या शेजारी आम्ही. साहजिकच गाणी लावण्याचे काम आमच्याकडे आले.

जांबोटी गेली, कणकुंबी मागे पडली. गाणे मंद येते अशी मागून तक्रार आली, म्हणून आम्ही मोटारीच्या स्टीरिओचे बटण फिरवीत फिरवीत जवळजवळ टोकास नेले. फोनचा स्वतःचा आवाज निम्म्याहून खाली होता. तो पाहावा हे आमच्या ध्यानात आले नाही. चोर्ल्याच्या घाटात एका वळणावर, गाणी आता पुरेत असे म्हणून आम्ही रेडिओची कळ दाबली. रेडिओ बेळगावच्या एका केंद्रावर लावलेला, आणि ते केंद्र केव्हाच डोंगराआड गेलेले. बातम्या नाहीत, गाणे नाही, नुसता खरखराट. आणि तोही असा, की पत्र्यावर खडी ओतावी. भगिनींनी दोन्ही हात कानांवर नेले. त्यांच्या कानांत श्रवणयंत्रे असतात. पुतण्याचा हात चाकावर क्षणभर डळमळला. समोरून मालमोटार येत होती.

पुढे सांगण्यासारखे काही घडले नाही, ही देवाची कृपा. "काका, तुम्ही आता हात लावू नका," एवढेच पुतण्या म्हणाला, आणि साखळीपर्यंत कोणी बोलले नाही.

म्हापशास ज्यांच्याकडे उतरलो, त्या गृहस्थांचा लग्नसमारंभांत लाउडस्पीकर लावण्याचा धंदा आहे. त्यांनी हकीकत ऐकून घेतली आणि हसून म्हणाले, "अहो, तुम्ही टाकीखालची चावी आवळून ठेवलीत आणि मोरीतली तोटी सताड सोडलीत. रेडिओचे पाणी त्या चावीतून येतच नाही. ते आले भरधाव!"

फोन मोटारीस जोडला की आवाजावर दोन ठिकाणी ताबा असतो, एक फोनमध्ये आणि दुसरा स्टीरिओत. फोनचा आवाज कमी ठेवला तर तारेतून दुबळा ध्वनी येतो. तो ऐकू यावा म्हणून स्टीरिओ वाढवला की गाण्याबरोबर तारेतली गुणगुण, इंजिनाची कुरकुर आणि यंत्राची सूंसूं हेही सारे वाढते. म्हणून धंद्यातील माणसांची रीत अशी, की उगमाशी ध्वनी भरपूर घ्यावयाचा आणि शेवटच्या बटणाने बेताचा करावयाचा. फोन शेकडा 80 ते 90 पर्यंत न्यावा (अगदी टोकास नेल्यास काही फोनांचा आवाज फाटतो) व नंतर स्टीरिओचे बटण हळूहळू वर आणावे. मग रेडिओ लावा, फोन काढा, दुसरे काही जोडा. फरक पडला तरी कानठळ्या बसत नाहीत.

ब्ल्यूटूथची तऱ्हा किंचित निराळी. कित्येक नव्या फोनांत आणि हेडफोनांत दोन्ही ताबे एकमेकांस बांधलेले असतात. एक हलवला की दुसरा हलतो. जुन्या मोटारींत ते सुटे असतात. ब्ल्यूटूथवर गाणे क्षीण येत असेल तर दोन्हीकडचे आकडे पाहावेत. बहुधा एक बाजू खाली राहिलेली असते. अँड्रॉइड फोनांत विकासकांसाठीच्या सेटिंगांमध्ये ही बांधणी सोडण्याची कळ आहे, पण तिच्या वाटेस अडल्याशिवाय जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही या विद्येचा प्रयोग केला. आमच्या फोनच्या आवाजाला 15 पायऱ्या आहेत. आम्ही 13 व्या पायरीवर गेलो. मध्येच फोनने एक पाटी दाखवली, की याहून मोठा आवाज फार वेळ ऐकल्यास कानांस अपाय होईल. मोटारीत कोणाचे कान तारेला लागले आहेत, असे म्हणून आम्ही 'ठीक' दाबले आणि पाटी घालवली. गाणे सुरेख आले. भगिनींनीही वाहवा केली. आम्ही प्रसन्न.

त्या रात्री नातीने आमचा फोन मागितला. तिच्या फोनची बॅटरी उतरली होती. आमचा फोन स्वस्तातला, त्यामुळे त्यास हेडफोनची जुनी गोल भोकाची सोय अजून आहे. सकाळी ज्या भोकात मोटारीची तार होती त्याच भोकात तिने आपल्या हेडफोनची तार खुपसली, बोंडे कानांत घातली आणि गाणे लावले. ती किंचाळली तेव्हा आम्ही ओसरीवर होतो. बोंडे ओढून काढून ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, उजव्या कानात शिट्टी वाजतेय. थांबतच नाही."

तिची चूक काहीच नव्हती. चूक आमचीही म्हणावी तर आम्ही सांगितल्याप्रमाणेच केले होते. मोटारीसाठी जे बरोबर, तेच कानासाठी घातक. आणि मधला फोन त्या दोहोंतला भेद जाणत नाही. निरनिराळ्या साधनांसाठी निरनिराळे आवाज आठवून ठेवण्याची हुशारी फोनांत असते. स्वतःच्या स्पीकरचा निराळा, ब्ल्यूटूथचा निराळा, तारेचा निराळा. परंतु तार म्हटली की त्याच्या लेखी ती हेडफोनची तार. तिच्या पलीकडच्या टोकास स्टीरिओ आहे की सोळा वर्षांच्या मुलीचा कान आहे, हे त्यास कळण्याचा मार्ग नाही. 13 ही पायरी त्याने इमानाने जपून ठेवली. आणि जी पाटी तिला सावध करणार होती, ती आम्ही सकाळी मोटारीतच मिटवून टाकली होती.

तेव्हापासून आम्ही या विषयाचे बरेच वाचन केले. डेसिबेल हा शब्द आपण ऐकतो, पण त्याचा हिशेब व्याजासारखा फसवा आहे. 3 डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, कानास मात्र फरक जेमतेम जाणवतो. 10 वाढले तर ऊर्जा दहापट, पण कान म्हणतो, "आवाज दुप्पट झाला असेल." जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सहकार्याने जे प्रमाण प्रसिद्ध केले, त्यात प्रौढांस 80 डेसिबेलचा आवाज आठवड्यास 40 तास ऐकण्याची मुभा आहे, मुलांसाठी हीच मर्यादा 75 डेसिबेल धरली आहे. दर 3 डेसिबेलला वेळ निम्मा. म्हणजे 89 वर 5 तास, 95 वर सव्वा तास, आणि 101 वर आला की साऱ्या आठवड्याचा शिधा 20 मिनिटांच्या आत संपतो. फोन हेडफोनवर पूर्ण वाढवला असता 100 च्या आसपास पोचणे मुळीच दुर्मीळ नाही.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्यात सूक्ष्म केसांच्या सुमारे 15,000 पेशी असतात. जन्मतः जेवढ्या मिळतात तेवढ्याच. त्या मेल्या की मनुष्यास पुन्हा येत नाहीत. कोंबडीस येतात! हे 1988 मध्ये सिद्ध झाले आणि संशोधक अजून त्या रहस्याच्या मागे आहेत. तूर्त मात्र या एका बाबतीत आमच्या परसातली कोंबडी आमच्याहून भाग्यवान आहे. मोठ्या आवाजाने प्रथम दगावतात त्या उंच स्वरांच्या, विशेषतः 4,000 हर्ट्झच्या आसपासच्या पेशी. म्हणून बहिरेपण चोरपावलांनी येते. माणूस म्हणतो, मला आवाज येतो, फक्त लोक हल्ली स्पष्ट बोलत नाहीत. 'स', 'श', 'फ' ही व्यंजने त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. 'सात' म्हटले तर 'आत' ऐकू येते.

मोठ्या आवाजानंतर कानांस दडे बसावेत, शिट्टी वाजावी आणि एका रात्रीत सारे पूर्ववत व्हावे, असा अनुभव पुष्कळांचा आहे. तो काही निर्धास्त होण्याचा परवाना नव्हे. 2009 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की श्रवण मोजमापात पूर्ववत आले तरी कानातील पेशी व मज्जातंतू यांचे कित्येक सांधे कायमचे तुटलेले असतात.

आता प्रश्न असा, की लोक आवाज इतका वाढवतात तरी का? बहुतेकांस मोठा आवाज आवडतो म्हणून नव्हे. भोवतालचा गोंगाट त्यांना गाणे ऐकू देत नाही म्हणून. बसमध्ये, बाजारात, रेल्वेच्या डब्यात सैल बोंडे घालून बसलेली मुले त्या गोंगाटावर मात करण्यासाठी पायरी चढत जातात, आणि उतरल्यावर ती पायरी तशीच राहते. मोटारीत याची परीक्षा प्रत्येकाने घेतलेलीच आहे. रात्री महामार्गावर काचा उघड्या ठेवून जो आवाज बेताचा वाटला, तोच सकाळी अंगणात किल्ली फिरवताच शेजाऱ्यांस जागे करतो. रात्रीचाही आवाज तेवढाच होता. म्हणून वाढवण्यापूर्वी काच वर घ्यावी. हेडफोन घ्यावयाचेच तर कानात नीट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे घ्यावेत. ज्यांना परवडतात त्यांनी गोंगाट खोडून काढणारे घ्यावेत. या दुसऱ्या प्रकारची कल्पना अमर बोस या अभियंत्यास 1978 मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घरघरीने सुचली. त्यांचे वडील बंगालचे, हे जाता जाता सांगण्यास आम्हांस बरे वाटते. मात्र असली साधने कानांत घालून कोणी वाहन हाकू नये की रस्ता ओलांडू नये. हॉर्न ऐकू येणे ही चैन नव्हे.

सोनी कंपनीने 1979 मध्ये पहिला वॉकमन काढला, तेव्हा त्यास हेडफोनची भोके दोन होती आणि एक नारिंगी कळही होती. ती दाबली की गाणे मंद होऊन शेजारच्याचे बोलणे कानी पडे. पुढच्या यंत्रांतून ती कळ नाहीशी झाली. आमच्या मते ती परत यावयास हवी. निदान जेवणाच्या टेबलापुरती तरी.

घरी परतल्यावर आम्ही जे केले ते थोडक्यात सांगतो. मोटारीच्या तारेस लाल दोरा बांधला आहे; ती तार फोनमधून काढली की फोनचा आवाज तिसऱ्या पायरीवर आणावयाचा आणि मगच फोन खिशात ठेवावयाचा, असा नियम आहे. हेडफोन आधी कानांत न घालता, गाणे सुरू करून हातात धरून पाहावयाचे व मग घालावयाचे. सूनबाईंच्या फोनमध्ये 'हेडफोन सेफ्टी' या सदरात मोठे आवाज आपोआप अडवण्याची सोय निघाली. तिथे मर्यादा 75 पासून 100 डेसिबेलपर्यंत ठरवता येते. त्याच फोनात ब्ल्यूटूथच्या यादीतील साधनापुढे ते हेडफोन आहे की मोटारीचा स्टीरिओ आहे हे लिहून ठेवता येते. ज्यांच्याकडे असा फोन आहे त्यांनी ते आजच लिहावे. नातीच्या सॅमसंग फोनात माध्यमांच्या आवाजावर मर्यादा घालून तिला गुप्त अंकाचे कुलूप लावता येते. कुलूप तिने स्वतःच लावले. अंक मात्र आम्हांस सांगत नाही.

रस्ता सांगणाऱ्या नकाशाचा आवाज गाण्याहून फार मोठा वा लहान येत असेल, तर त्या नकाशातच मंद, मध्यम व मोठा अशी निवड आहे. ती निघण्यापूर्वी करावी, घाटात नव्हे. पुतण्याचा हा हट्ट आम्ही मान्य केला आहे.

नातीच्या कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशी दुपारी थांबली. ती एक दिवसाहून अधिक राहिली असती किंवा ऐकणे एकाएकी कमी झाले असते, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे धाव घ्यावयास हवी होती. अशा दुखण्यात लवकर केलेल्या उपचाराचाच उपयोग होतो. आम्ही बेळगावास आल्यावर तिला तपासून घेतलेच. काचेच्या खोलीत बसवून एकेक स्वर ऐकवतात आणि कागदावर रेघ काढतात. तिची रेघ सरळ आली. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "आजोबा, आलाच आहात तर तुमचीही बघू." आमची रेघ 2,000 पर्यंत बरी चालली आणि 4,000 शी येऊन विहिरीत पडावी तशी खाली गेली. तरुणपणी आम्ही सात वर्षे छापखान्यात यंत्राशेजारी बसून मुद्रिते तपासली आहेत, हे आम्ही त्यांना सांगितले. सूनबाई दाराशी उभ्या होत्या. आम्ही बातम्या फार मोठ्याने लावतो, असे त्या गेली दोन वर्षे सांगत आहेत.